कार्डाचा कोपरा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ४ ऑक्टोबर १९३५

सौ. विजयमालाबाई यांस,

नीलम्माचे शरणार्थ. पत्रास कारण, येत्या १२ जानेवारीस, रविवारी, आपल्या शाळेने जुन्या मुलींचा मेळावा ठरविला आहे. पाठोपाठ गड्ड्याची जत्रा असल्याने परगावच्यांना दोन्ही साधेल. शाळेतून मॅट्रिकला बसलेली पहिली तुकडी आपली, पाच जणींची. तेव्हा त्या पाच जणींचे बावीस वर्षांत काय झाले ते सभेत वाचून दाखवायचे आहे. हे काम महानंदेने माझ्यावर टाकले. ती धारवाडहून पाच वर्षांपूर्वी परत आली, आता आपल्याच शाळेत शिकविते. लग्न केले नाही. "तू घरचा जमाखर्च लिहितेस, अक्षर बरं आहे, तूच लिही," म्हणाली आणि एक कोरी वही देऊन गेली.

मथुरा मंगळवेढ्यास असते. तिच्या पत्रात सात मुले आहेत, महानंदा पाच म्हणते. मथुरेस परत विचारले तर उत्तर आले, "कुठल्या सालची मोजू?" तेव्हा वहीत आकडा घातलेला नाही. गोजरचे आपणास ठाऊकच आहे. तिच्या पानावर तिथी लिहून सोडली आहे.

आपला पत्ता वैरागहून आपले बंधू धोंडीराम यांनी महानंदेस दिला. आपण १९१८ च्या माझ्या कार्डास उत्तर दिले नाही, त्यानंतर मीही लिहिले नाही. त्याची विचारणा करण्यासाठी हे पत्र नाही. मुले किती, यजमान कोणत्या हुद्द्यावर, आपण काही वाचन-लेखन ठेवले आहे काय, एवढे दोन ओळींत कळवावे. यायचे जमले तर फारच बरे.

माझे लिहिण्यासारखे काही नाही. घरचे भुसारचे दुकान, दोन मुलगे, सासूबाई हिंडत्या-फिरत्या आहेत. पूजा चुकत नाही.

कळावे.
नीलम्मा

सोलापूर, ता. २४ ऑक्टोबर १९३५

सौ. विजयमालाबाई यांस,

शरणार्थ. काल इंदूरचे पत्र आले. आपले अक्षर असेल म्हणून घाईने फोडले, तर ते आपल्या यजमानांचे. ते लिहितात, "कै. नीलम्मा यांच्या नावाने पत्र लिहिणाऱ्या आपण कोण? त्या १९१८ च्या साथीत वारल्या. आपले पत्र पाहून माझ्या पत्नीने दोन दिवस अन्न घेतलेले नाही. ही थट्टा असेल तर ती अत्यंत हीन दर्जाची आहे."

मी ते पत्र चुलीपाशी उभी राहून तीन वेळा वाचले आणि दूध उतू गेले. आमच्या ह्यांना वाचून दाखविले तर ते हसले. सासूबाईंना कानडीतून सांगितले. त्या म्हणाल्या, "सत्तवरु पत्र बरितारेनु?" म्हणजे, मेलेली माणसं पत्र लिहितात काय गं? आणि पुढे त्यांनीच माझ्या कपाळाला विभूती लावली. लावताना जरा जास्त वेळ हात ठेवला असे वाटले.

तुमच्या यजमानांना काय उत्तर द्यावे? मी जिवंत आहे असे लिहून ते खरे कसे ठरवायचे? महानंदेकडे गेले. म्हटले, "तू तर इंदूरला काही लिहिलं नव्हतंस?" ती चिडली. "तू मेलीस असं मी कशाला लिहू? तू मेलीस तर वही कोण पुरी करणार?"

मग वाटले, गोजरशी माझी गल्लत झाली असेल. पण आपण दोघी एका बाकावर बसत होतो, गोजर पुढच्या. अशी गल्लत होते काय? की झाली तरी कोणाला काही वाटले नाही?

तेव्हा एक लिहिते. यजमानांना दाखवू नका. मॅट्रिकच्या पहिल्या पेपराच्या सकाळी आपण सिद्धेश्वराला गेलो होतो आणि तुमची एक चप्पल तळ्यात पडली. मी माझ्या दोन्ही तुम्हाला दिल्या, कारण इंग्रजीच्या पेपराला तुम्ही पहिल्या येणार होतात आणि मी नाही. मी अनवाणी पेपर लिहिला. सुपरवायझर माझ्या पायांकडे बघत होता. हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. गोजरला तर नाहीच.

नीलम्मा

सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर १९३५

प्रिय विजू,

आता अहो-जाहो राहू दे. तुझं आठ पानांचं पत्र आलं. "चप्पल अजून देणं आहे" हे वाचून मी पदर तोंडाला लावून बसले. मोठा मुलगा शिवपुत्र विचारत होता, "आई, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आलं.

तू लिहिलंस ते मला समजलं तसं लिहिते, कारण माझ्या डोक्यात सगळं एकात एक गुंतलंय. चुकलं तर सांग.

माझं कार्ड आलं तेव्हा तुझे दिवस भरले होते. पोस्टमननं ते ओसरीवर तुझ्या चुलतसासूच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठलं?" पोस्टमन म्हणाला, "सोलापूर." त्यांनी कार्ड तिथंच फाडून टाकलं, स्वतः अंघोळ केली आणि तुला काही सांगितलं नाही. मुलगी झाली, सव्वा महिना झाला, तेव्हा सांगितलं, "तुझी सोलापूरची गेली." तुझी सोलापूरची म्हणजे मीच. तू धोंडीरामभाऊंना खात्री करायला पाठवलंस. ते शाळेत गेले, शिपाई ज्ञानूला विचारलं. ज्ञानू म्हणाला, "व्हय, त्या पाचातली एक गेली की मानमोडीच्या साथीत." कोणती, हे भाऊंनी विचारलं नाही. त्यांना कशाला शंका येईल?

गेली ती गोजर. तीच बातमी मी त्या कार्डात लिहिली होती. म्हणजे तुझ्या चुलतसासूबाई फारशा चुकल्या नाहीत गं. कार्ड मरणाचंच होतं, माणूस दुसरं होतं. आणि तू आता मला विचारतेस, "म्हणजे गोजर गेली काय गं?" त्या ओळीवर मी अडकून बसले. तुला ती सतरा वर्षं जिवंत होती, मी नव्हते.

आता कोपऱ्याचं. तू विचारलंस, "बये, फाडलास कशाला?" आमच्यात लिंगधारी माणसाला सुतक नाही, हे तुला माहीत आहे. मरणाची कार्डं आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी सुद्धा पडलेली असतात. म्हणून कोपरा फाडताना हात थांबला नाही. विभूतीची पुडी बांधायला कागद हवा होता, तो फाडला असेल.

तू दर संक्रांतीला एक वाण माझ्या नावानं काढून ठेवत होतीस. सतरा वाणं. ती कोणाला दिलीस? मला उगाच वाटलं की ती परत करायला हवीत.

आणि मुलीचं नाव नीला ठेवलंस. ती आता पुण्याला कॉलेजात आहे. तू लिहितेस, तेराव्या वर्षी तिला स्थळ आलं तेव्हा सासरची सगळी माणसं एका बाजूला होती आणि तू एकटी उभी राहून म्हणालीस, "माझ्या मैत्रिणीला बापानं कॉलेजच्या गाडीत बसू न देता बोहल्यावर चढवलं, ती पाच वर्षांत मेली. माझ्या मुलीचं तसं होणार नाही." आणि हीच हकिकत तू मेळाव्यात शाळेच्या मुलींपुढं सांगणार, मला शेजारी उभी करून.

मला शेजारी उभी राहायचा संकोच वाटतो. सभेत कधी उभी राहिलेली नाही. बाकी पुढच्या पत्री.

तुझी
नीला

सोलापूर, ता. ५ डिसेंबर १९३५

प्रिय विजू,

मी तुला विनवलं होतं की ती हकिकत सांगू नकोस, तर तुझं उलट उत्तर आलं. "लाज तुला कशाची? ज्यांनी केलं त्यांना वाटू दे." तू पूर्वीसारखीच आहेस. वर्गातही तू माझ्या वतीनं भांडायचीस आणि मी मागं उभी राहून ऐकायची.

पण विजू, माझे अप्पा वारून अकरा वर्षं झाली. त्यांना शाळेतली जुनी माणसं अजून ओळखतात. महानंदेला मी म्हटलं, अप्पांचं नाव सभेत कशाला? ती म्हणाली, "नाव घेणार नाही गं, 'एक पिता' म्हणू." मी म्हटलं, "पाच जणींत एकीचाच पिता तसा. लोकांना मोजता येतं." तिला ते पटलं, पण पटूनही तिनं कार्यक्रमपत्रिकेत तुझं नाव घातलं: 'सौ. विजयमालाबाई, इंदूर. विषय: स्टेशनावरून परतलेली पेटी.' छापायला गेलीसुद्धा.

आणि मंगळवारी ती निमंत्रण घेऊन आमच्या दुकानावर गेली. ज्वारीची पोती उतरत होती. तिथं ह्यांना म्हणाली, "नीलम्माला तुमच्या घरी कसं आणलं ते आता सगळ्या सोलापूरला कळणार." ती चेष्टेनंच म्हणाली असणार. तिला वाटतं बावीस वर्षांनी सगळ्याची चेष्टा होते.

हे दुपारी जेवायला आले. भाकरी मोडली, खाईनात. मी म्हटलं, "डाळ खारट झाली का?"

"नाही."

"मग?"

"मला वाटत होतं तू आपणहून आलीस."

मी भाकरीला पीठ घेतलं. खरं म्हणजे भाकऱ्या पुरेशा झाल्या होत्या. ते म्हणाले, "मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. मुलगी शिकलेली आहे म्हणून घाबरत होतो." मग थोड्या वेळानं म्हणाले, "एवढी वर्षं तू रोज हसून वाढलंस, ते सगळं मनाविरुद्ध?" आणि हात धुऊन दुकानावर गेले. त्या दिवसापासून विड्याचं पान स्वतःचं स्वतः लावून घेतात. माझ्याकडे मागत नाहीत.

मी त्यांना काय सांगू? मला सांगता येत नाही, कारण जे सांगायचं ते आधी तुला सांगायला हवं. आणि तुला सांगितलं तर... असो. देवापुढं बसले तरी मन लागत नाही. लिंग हातात घेते आणि डोळ्यापुढं स्टेशन येतं.

मेळाव्याला यायचंच असेल तर ये. पण मला विचारल्याशिवाय काही बोलू नकोस, एवढं कर.

नीला

सोलापूर, ता. २९ डिसेंबर १९३५

विजू,

हे पत्र चार दिवस लिहिते आहे. दुकानाच्या वहीचे पाच कागद फुकट गेले. मी कागद कधी फुकट घालवत नाही हे तुला ठाऊक आहे.

कोपरा मी विभूतीसाठी फाडला नव्हता.

तो या पत्राला दोऱ्यानं टाचला आहे. डिंकानं चिकटवणार होते, पण अक्षरं मागून पुसतील अशी भीती वाटली. मी तो माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटात घालून ठेवला होता. का ठेवला ते विचारू नकोस. टाकवला नाही. पेन्सिलीनं लिहिलंय, फिकट झालंय, म्हणून खाली शाईनं परत लिहिते:

"अप्पांनी बळजबरी केली नाही. मीच हो म्हटलं. क्षमा कर. नी."

ते असं झालं. साथीत मला ताप आला, गोजर गेल्याचं कळलं, आणि वाटलं आता आपलीही वेळ आली. तुला खरं न सांगता मरू नये. म्हणून गोजरची बातमी लिहून झाल्यावर खाली कोपऱ्यात ते लिहिलं. कार्ड उशाखाली ठेवलं, पोस्टात टाकायला माणूस मिळेना, सगळी गल्ली आजारी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि तापाबरोबर हिंमतही उतरली. मी जगणार असं दिसल्यावर ते वाक्य मला फार मोठं वाटायला लागलं. दुसरं कार्ड घ्यायचं तर एक पैसा पडला असता. मी कोपरा फाडला आणि उरलेलं कार्ड पाठवलं.

एका पैशासाठी मी तुझ्या ओसरीवर मेले.

आता मूळ गोष्ट. ती तुला मी लग्नानंतरच्या पत्रात खोटी सांगितली होती. खरी अशी. वैशाखात अप्पांनी मला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "पुण्याला कॉलेजात जायचं का या स्थळाला हो म्हणायचं? तू सांगशील ते. माझी जबरदस्ती नाही." मी दोन दिवस मागून घेतले. दोन दिवसांनी म्हटलं, "लग्न." अप्पांनी परत विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. त्यांनीच उलट विचारलं, "विजयमालेला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगितलं. सांगितलं नव्हतं. महिना गेला, तरी मी तुझ्याबरोबर पातळं निवडत होते, पुण्यात कोणत्या खोलीत खिडकी असेल ते बोलत होते. मला वाटायचं, उद्या सांगू. मग गाडीचा दिवस उजाडला. तुझे आण्णा म्हणाले होते, नीला बरोबर असेल तरच पोरीला पाठवीन, एकटी ठेवणार नाही. हे मला ठाऊक होतं, विजू. माझ्या न येण्यानं तुझंही जाणं राहणार हे ठाऊक असूनही मी आले नाही. परसात बसून गाडीची शिट्टी ऐकली. तू पेटीवर बसून राहिलीस, आण्णांनी हमालाला पेटी परत टांग्यात ठेवायला सांगितली, हे मला नंतर ज्ञानूनं सांगितलं. त्याला तू रडली नाहीस याचंच नवल वाटत होतं.

मी हो का म्हटलं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. बावीस वर्षं मी त्याच्याभोवती फिरते आहे. कधी वाटतं, कॉलेजात तू पुढं जाशील आणि मी मागच्या बाकावर इंग्रजी न समजता बसेन, ही भीती होती. मॅट्रिकला तुझा पहिला वर्ग, माझा तिसरा. कधी वाटतं, सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. बाकी सगळ्यांनी विचारायचं, भरतकाम येतं का, गाणं येतं का, शिकून काय करणार. त्यांनी नुसतं जवळ बसवून घेतलं आणि माझ्या हातात विड्याचं पान दिलं. मला त्या पानानंच तिकडे नेलं की काय, कोण जाणे. आणि कधी वाटतं की सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला "तू सांगशील ते" म्हणणं हीसुद्धा एक तऱ्हेची जबरदस्तीच. पण तसं म्हटलं की अप्पांचा चेहरा डोळ्यापुढं येतो आणि मला ते म्हणवत नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं. त्या काळात कोणी विचारत नव्हतं.

सुखी आहे का? तेही विचारशील. आहे. ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. म्हणूनच तर जास्त अवघड जातं. दुःखी असते तर खोटं शोभून गेलं असतं.

तुझी नीला मात्र खरी कॉलेजात गेली. खोट्या गोष्टीवर गेली. आता तू म्हणशील ती गोष्ट खोटी होती तर मी सासरच्या माणसांशी कशासाठी भांडले? पण तिला परत बोलावू नकोस.

तू यायचं की नाही हे आता तू ठरव. तुझ्या आधीच्या पत्रावरून ११ तारखेला दौंडहून येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीनं उतरणार असं धरून आहे. मी स्टेशनावर येऊन उभी राहते. उतरली नाहीस तर समजेन, आणि रागावणार नाही. मेळाव्यात हे सांगायचं की नाही तेही तुझ्यावर. ह्यांना मात्र मी आज सांगणार आहे. पत्र पोस्टात पडलं की सांगते.

नीला

सोलापूर, ता. २ फेब्रुवारी १९३६

प्रिय विजू,

तू इथं चार दिवस होतीस आणि कोपऱ्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मला कळेना, पत्र मिळालं की वाटेत कुठं पडलं. स्टेशनावर उतरलीस, मला वर-खाली पाहिलंस आणि "पेटी धर" एवढंच म्हणालीस. मी धरली. हमाल करायचा का असं विचारणार होते, पण तुझा चेहरा पाहून विचारलं नाही. ती पेटी किती जड होती गं. काय भरून आणलं होतंस? घरी उघडलीस तेव्हा दोन लुगडी आणि लाडवांचा डबा निघाला.

मेळाव्यात महानंदेनं तुझं नाव पुकारलं तेव्हा मी मांडीवरची वही दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिची शिवण उसवली. तू उठलीस आणि म्हणालीस, "माझी मैत्रीण मेली असं मी सतरा वर्षं समजत होते. ती ही बसली आहे. तिची गोष्ट मी बरीच वर्षं सांगत आले, आता तिची ती सांगेल." आणि बसलीस. त्या वेळी मला तुझा इतका राग आला की माझी भीती गेली. उभी राहिले. काय बोलले ते मला आठवत नाही. महानंदा म्हणते मी फार हळू बोलले, पण मागच्या मुलीही ऐकत होत्या. अप्पांनी विचारलं होतं हे मी दोनदा सांगितलं म्हणे. एका मुलीनं नंतर मला विचारलं, "मग तुम्ही कॉलेजला जायला पाहिजे होतं की नव्हतं?" मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. पण मैत्रिणीला आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. का, कोण जाणे.

तू गेल्यावर चार दिवस ह्यांनी पान स्वतःच लावून घेतलं. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, "पान लाव." मी लावलं. चुना जास्त झाला असावा, पण खाल्लं. मग म्हणाले, "आईनं दिलेल्या एका पानावर आलीस होय. मला वाटलं होतं माझी पगडी बघून आलीस." मला हसू आलं. सासूबाईंनी काय झालं ते विचारलं, त्यांनी कानडीतून सांगितलं, ती दोघं मायलेक बराच वेळ हसत होती. मी भांडी आत नेली.

आता खरी गोष्ट. काल दुपारी पोस्टमन आला. सासूबाई दाराशी होत्या. कार्ड त्यांनी आणून माझ्या हातात दिलं, आमच्यात सुतकाचं काही नाही. मी पाहिलं तर कोपरा फाटलेला.

विजू, इंदूरचा शिक्का, तुझं अक्षर नव्हे असं वाटलं, डोळ्यापुढं काही दिसेना. सुतक नसलेल्या घरात मी ते कार्ड घेऊन उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. मग उन्हात धरून वाचलं.

"सुखरूप पोचले. नीला कॉलेजात आहे व राहील. कार्डाचा कोपरा मी फाडून ठेवला आहे. त्यावर तुला काय लिहिलं होतं ते सतरा वर्षांनी कळवीन. वि."

मी पायरीवर बसले. सासूबाई विचारत होत्या, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही. मग मोजलं, १९५३. आपण दोघी छप्पन्नच्या असू.

कार्ड सर्टिफिकेटात घालून ठेवलं आहे. वहीत आपल्या दोघींची पानं शेजारी शेजारी होती, माझं कोरं होतं, ते आज भरलं. 'मॅट्रिक, १९१३. कॉलेजला गेली नाही. स्वतःच हो म्हटलं. हयात.'

शेवटचा शब्द शाईनं लिहिला आहे, आणि तुझ्यामुळं आता तो सतरा वर्षं तरी खरा ठेवायला हवा. तूही ठेव. कोपरा तुझ्याजवळ आहे.

तुझी
नीला

ता.क. तू पाठवलेल्या चपला मिळाल्या. माप तेव्हाचं आहे, आता बसत नाहीत. परत करणार नाही.